मामाची कळलावी

साऱ्या वर्धा जिल्ह्यात माझ्या थोरल्या मामाइतका उतावळा माणूस दुसरा झाला नाही. पवनारला धामच्या काठी त्याची भाजीची वाडी होती, आणि वांग्याला तीन महिने लागतात हा तो स्वतःचा अपमान समजायचा. एसटी थांबायच्या आत उतरायचा. माझ्या लग्नात तर पाचव्याच मंगलाष्टकाला सगळ्या अक्षता उधळून, “झालं, वाढा आता,” म्हणत तो पंगतीकडे वळला होता.

अशा माणसाने कळलावीचा रानवेल बियांपासून वाढवायचं मनावर घेतलं. आणीबाणी उठली त्या वर्षी दिवाळीनंतर तो तळेगावच्या बाजाराला गेला होता. तिथल्या टेकडीवर कोणी औषधवाला व्यापारी कळलावीचे कंद पोत्यांनी खणून नेत होता. “लहानपणी सारा धुरा पेटल्यासारखा दिसे या फुलांनी,” मामा शेताच्या बांधाकडे बोट करून सांगायचा, “आता एक नाई राह्यनार.” वाळल्या शेंगांतल्या मूठभर लाल बिया तो खिशातून घेऊन आला.

“कळलावी घरी लावली का भांडनं लागतात म्हने,” मामी म्हणाली.

“मंग आपल्या घरी नवं काय लागन?”

पावसाळ्यात त्याने अर्ध्या बिया पत्र्याच्या डब्यात पेरल्या. हे बी उगवायला महिनोन्‌महिने घेतं. मामा रोज सकाळी माती उकरून ‘काय करून राह्यली’ ते बघायचा. पोळ्यापर्यंत साऱ्या कुजल्या. पुढच्या वर्षी मामीने उरलेल्या बिया गुपचूप पेरल्या आणि डबा पुलगावला आपल्या बहिणीकडे ठेवला. पण मामाला सुगावा लागलाच, आणि दहा वर्षांत साळीच्या दारी न गेलेल्या मामाला दर आठवड्याला पुलगावात काम निघू लागलं. ती पाट मांडून म्हणायची, “भाऊजी, चहा घ्या. डब्बा नाई भेटत.”

भादव्यात एक कोंब आला. मामाने डबा मांडीवर धरून घरी आणला. पण दिवाळीला कोंब पिवळा पडून वाळला, तेव्हा तो डबा घेऊन उकिरड्याकडे निघाला. मामीने तो हिसकावला. बोटाने माती बाजूला केली. खाली हरभऱ्याएवढा पांढरा कंद होता.

“मेलं नाई जी, झोपलं थे. तुमाले कोनाचं झोपनंबी पायवत नाई.”

पुढे तीन पावसाळे ते झोपलं आणि उठलं. तिसऱ्यात कळी उमलली त्या सकाळी मी तिथेच होतो. वर्ध्याच्या बाजाराला जायची बैलबंडी वांग्यांनी भरून उभी होती, आणि मामा वेलापुढे पोतं टाकून बसला होता. हलेचना. मामीने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला.

“काऊन जी, ताप आला का?”

“नाई. बस इथं. पिवळ्याचं लाल होऊन राह्यलं, पाह्यजो.”

ती बसली. बैलही कंटाळून बसले. वांगी तशीच राहिली.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाकळी पुरती तांबडी व्हायला चार दिवस लागले, आणि चारही दिवस मामा तिथून उठला नाही, असं मामी अजून सांगते. स्वतःही शेजारीच बसून होती, एवढं मात्र गाळते.