हिवतापवाल्याचं पाखरू

लातूर नवा जिल्हा झाला आणि जळकोटकडच्या आमच्या गावात रोज एक नवा सरकारी माणूस उगवायला लागला. त्यातला हिवतापवाला मला पहिल्यापासून खटकला. दुष्काळ पडलेला, मी पोटुशी, टँकर येईल तेव्हा येईल. आणि हा घरोघर रांजणात बॅटरी मारून डासांच्या अळ्या बघायचा, वर औषधाचे थेंब सोडायचा.

"त्याच्यात नसबंदीचं औषध हाय," असं गावभर झालं होतं. मला तर खात्रीच होती, कारण तो कुणाच्याच घरी घोटभर पाणी घेत नव्हता. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी. सासूबाईंनी तांब्या पुढं केला की हा हात जोडायचा. स्वतः पीत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच!

एकदा मी रांजणाला पाठ लावून उभीच राहिले. तेव्हा त्यानं पिशवीतून एक चित्र काढलं. लालभडक पाखरू, वाकडी चोच.

"ताई, हे पार लांब समुद्रातल्या हवाई बेटांवरचं. रानात राहतं, लई गोड गातं. तिथं डास नव्हतेच. जहाजांवरल्या पिंपातल्या पाण्यातून गेले, आन् पाखरं हिवतापानं मेली. वर थंड डोंगरात होती तेवढीच वाचली. आपल्याला कुठं हाय डोंगर?"

मला आणखीच राग आला. पाखरांच्या गोष्टी सांगून गुंडाळतो काय!

"टाका औषध," मी म्हटलं, "पण आधी तुम्ही प्या. माझ्या लेकराचा सवाल हाय."

त्यानं थेंब टाकले आणि तांब्याभर पाणी सावकाश प्याला. मग तोंड पुसत म्हणाला, "पोटुशा बायांनी डोक्यावर आणलेलं पाणी कसं प्यावं? म्हणून न्हाई म्हणत व्हतो."

तरी तो बांधाआड जाईपर्यंत मी बघत राहिले, कुठं थुंकतो का म्हणून. नाही थुंकला.

पोरगी धडधाकट झाली. आता तिचीच पोरं शाळेत जातात.

परवा पेपरात तेच पाखरू दिसलं. डोंगरातला गारवा कमी झाला, तसे डास वर चढलेत म्हणे, आणि थोडीच पाखरं उरलीत. मला रडूच आलं. पण पेपरवाल्यांवर माझा विश्वास नाही. तो हिवतापवाला दारात यायला पाहिजे. तांब्या पुढं करीन, नको म्हणाला तरी वाईट मानणार नाही, आणि विचारीन, खरं सांगा, भाऊ, आता ती कुठं जातील?