तीन बोटांचा आस

छापलेलं एखादं वाक्य वाचून तुम्ही न पाहिलेल्या माणसाचा कधी राग केलाय? केला असेल, तर ते वाक्य माझंही असू शकेल. हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — समितीत नाही, अण्णांना तर नाहीच.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अण्णा, माझे वडील, रत्नागिरीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. वाया गेलेले कागद घरी यायचे, त्यांवरच मी अक्षरं गिरवली. 'कमळ'च्या आधी मला 'धिक्कार' लिहिता आला. मग बाविसाव्या वर्षी छोट्या होडीवाल्यांच्या समितीची पत्रकं मी लिहू लागले, यात नवल काय? आमची मागणी खरी होती, आजही खरी आहे. ट्रॉलरनी किनाऱ्याजवळ येऊ नये, आणि त्यांच्या जाळ्याचा आस — म्हणजे गाठींमधलं भोक — एवढा मोठा असावा की मासळीची पिल्लं सुटून जातील.

मग कबूल करायचं काय राहिलं? — धोंडू तांडेल.

धोंडूमामा आईच्या लांबच्या नात्यातले. मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. दर ओढीला बोटाएवढ्या पिल्लांचा ढीग वर यायचा, मरायचा, खतासाठी वाळवला जायचा. ते बघून चौऱ्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेनंतर त्यांनी आपणहून एक काम केलं. जाळ्याच्या शेवटी मासळी साठते ती पिशवी, खोळा, त्यांनी बदलला. नवा खोळा तीन बोटं जातील एवढ्या आसाचा. खलाशी चिडवायचे, "मामा, जाळं लावलंत की खिडकी?" मालक कुरकुरला. पण दुसऱ्या बोटींवरचे दोन तांडेल तो खोळा बघून गेले होते. विचारात पडले होते.

मीही बघायला गेले.

"घाल गो बोटं," मामा म्हणाले.

घातली. तीनही गेली — सैल.

"ही काय बोटं? शेवग्याच्या शेंगा! थांब." आणि त्यांनी आपली घातली. मिठाने चिरलेली, सुजलेली, जाडजूड. तीही गेली.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी चिडले. पत्रक डोक्यात तयार होतं आणि त्यात प्रत्येक ट्रॉलर लुटारू होता. या माणसाला त्यात बसवू कुठे? — आणि खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात आरे-वारेला आमच्याच माणसांनी ओढलेली रापण मी पाहिली होती. किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं. त्यातही निम्मी पिल्लंच होती, वाळूत फडफडत. त्यावर मी एक ओळ लिहिली नाही. ती माणसं आपली होती. मामा ट्रॉलरवरचे.

मी लिहिलं, 'धोंडू तांडेलाच्या जाळ्यात करंगळीसुद्धा शिरत नाही.' नाव घालून लिहिलं. नाव घातलं की चिकटतं, हे मी पत्रकांतूनच शिकले होते. ज्या हाताची बोटं त्या आसातून गेली, त्याच हाताने लिहिलं.

थांबा — एवढ्यावर संपत नाही.

मामांना वाचता येत नव्हतं. पत्रक निघालं त्या दुपारी ते धक्क्यावर भेटले. हातात पत्रक. "माझं नाव छापलंस म्हणे. वाच की." मी वाचलं. सगळं वाचलं, ते वाक्य सोडून. त्या जागी तिथल्या तिथे एक रचलं — 'धोंडू तांडेलासारखे काही जण सुधारणाही करत आहेत.' मामा लाजले. खुदकन हसले. दोन बांगडे त्याच पत्रकात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी ते घरी आणले. खाल्लेही.

दुसऱ्या दिवशी त्यांना कळलंच. "काय तांडेल, करंगळी अडकली काय?" धक्काभर हेच. ते दोन तांडेल पुन्हा फिरकले नाहीत. आठवड्याच्या आत मामांनी नवा खोळा सोडला, जुना बारीक आसाचा बांधला. मला नाही, आईला म्हणाले, "बारकं म्हावरं सोडून नाव जातं, तर धरून गेलेलं काय वाईट?"

समितीत पत्रकाचं कौतुक झालं. मी होऊ दिलं.

लढा मोठा होता, मी लहान होते — असं म्हणता येईल. पण लहान माणसाला आपली तीन बोटं मोजता येत नाहीत काय? बंदरावर आम्हाला हवं होतं तसं एकच जाळं होतं. ते मी बुडवलं. चार वर्षं तो बारीक खोळा भरून वर येतोय, आणि तो बांधण्यात माझाही हात आहे.

हा कागद छापायला देण्याआधी मी मामांना वाचून दाखवला. एकही ओळ न गाळता. ते जाळं सांधत राहिले. मी थोडा वेळ बसले, मग उठून आले.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण बंदरावर गेलात, तर कुणाच्याही जाळ्याबद्दल बोलण्याआधी त्याच्या खोळ्यात आपली बोटं घालून बघा — ट्रॉलरच्या, आणि आपल्या माणसांच्याही. जेवढी जातील, तेवढीच सांगा.