आधी उचलायचं, मग भाव विचारायचा

पारूआक्का होत्या म्हणून मी आणि माझी लेक आज आहोत. त्यांचं नाव आधी लिहून ठेवते. बाकीचं मागून सांगितलं तरी चालेल.

आक्का आमच्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहायच्या. गल्लीत कुणी काही नवीन आणलं की त्या आत यायच्या आणि ती वस्तू आधी उचलून बघायच्या. खुर्ची असो, मिक्सर असो, गॅसची शेगडी असो. भाव नंतर. उचलली गेली तर म्हणायच्या, "बरं घेतलंस." नाही उचलली तर, "ह्याला पाय हायती का गं? मग कवा पळायची येळ आली तर?" मला वाटायचं, म्हातारीला खोड आहे. फौजेतल्या नवऱ्याबरोबर गावोगाव बदल्या केल्या, त्याची सवय लागली असेल.

आम्ही वाशीमकडचे. आमच्या नदीत पाय भिजवायचे म्हटलं तरी पाणी शोधावं लागतं. आठवीत माझी शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि महेशला, माझ्या नवऱ्याला, सांगलीत टेम्पोवर काम मिळालं. पुण्यात कंटाळलेले त्याचे दोस्त म्हणाले, सांगलीला जा, तिथं स्वस्ताई आहे. खोटं नव्हतं. भाजी स्वस्त, दूध चांगलं, आणि नदीकडच्या गल्लीतली ही खोली वरच्या भागापेक्षा निम्म्या भाड्यात. मालकानं डिपॉझिटही मागितलं नाही. आत भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, खोलीभर एक तपकिरी रेघ होती. मला वाटलं रंगाऱ्यानं काम अर्धवट सोडलंय. मी तिच्या खाली देवाचा फोटो लावला.

तो बघून आक्का हसल्या.

"पोरी, देवाला तरी रेघंच्या वर ठेव. त्याला पवाया येतंय का न्हाई कुणाला ठावं?"

"म्हणजे वो?"

"मागल्या पुरात पानी हितवर आल्तं. मालकानं सांगितलं न्हाई व्हय? तो कशाला सांगतोय! आगं, स्वस्त जागंचं भाडं दोनदा द्यावं लागतंय. एकदा मालकाला, एकदा कृष्णामाईला. आन ती हप्ता घेत न्हाई, एकदम घेती."

त्या दिवसापासून जेवताना घास हातात असायचा आणि डोळे रेघेवर. चिमी तेव्हा पोटात होती.

चिमी झाल्यावर मी घरी ब्लाऊज शिवायला लागले. लोखंडी स्टँडची जुनी शिलाई मशीन घेतली. आक्कांनी ती उचलून बघितली. हलली नाही. "आता ही कोन न्हेनार? तुजा बा येनार हाय वाशीमवरनं?" म्हणून रागावल्या, आणि लगेच फतकल मारून बसल्या. पट्टा काढायचा, मागचे स्क्रू सैल करायचे, की मशीनचं डोकं सुटून हातात येतं. हे त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की मला रडू यायचं. त्यांचं स्वतःचं गाठोडं दाराजवळच्या खुंटीला कायम तयार असायचं. दोन लुगडी, नवऱ्याचा फौजेतला कोट, त्याचा एकुलता एक फोटो. पोरं चिडवायची, "आक्का, कुठल्या गावाला?" आक्का म्हणायच्या, "तुज्या सासरला रं, हुंडा आनाया."

ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी आमच्याकडं पाऊस नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं. तिकडं साताऱ्याच्या डोंगरात धो धो पडत होता, धरणातून पाणी सोडलं होतं. महापालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत फिरत होती, घरं सोडा, घरं सोडा. महेश लोणंदला माल घेऊन गेलेला, माघारी यायचा रस्ता बंद. मी नदीकडं डोळे लावून बसले आणि पाणी आलं पाठीमागनं, गटारीतून उलटं, काळं, आवाज न करता. चिमीला छातीशी धरून मी उंबऱ्यात उभी राहिले. पाय उचलेचना.

"स्क्रू काढ," आक्का दारातून म्हणाल्या.

"हात थरथरतायत वो आक्का."

"थरथरू देत. काढ."

स्क्रू निघाले. पण लेक आणि मशीन, दोन्ही मला झेपेना. मी म्हटलं, "राहू द्या ती."

"मग उद्या खाशील काय? रेघ?"

त्यांनी फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि त्यावर मशीन घेतली. एक हात मशीनला, दुसऱ्या हातात गटार चाचपायला काठी. तिसरा हात नव्हता. बाहेर पडल्यावर आपल्या उघड्या दारातून खुंटीवरच्या गाठोड्याकडं त्यांनी एकदाच बघितलं.

"चल. माजा पदर धर. पान्याकडं बगू नगंस, माज्या पाठीकडं बग."

पाणी गुडघ्याला होतं, मग कमरेला आलं. मी पाठीकडंच बघत होते. तेव्हा दिसलं, त्यांची काठीसुद्धा थरथरत होती.

"आक्का, तुम्हाला भीती वाटते?"

"लय वाटती. म्हनून तर समदं उचलून बगती."

वरच्या भागातल्या एका शाळेत आम्हाला ठेवलं. शाळा सुटलेली मी, पुन्हा वर्गात, फळ्याखाली लेकीला घेऊन. पाणी ओसरल्यावर परत आलो तर जुन्या रेघेच्या वर नवी रेघ. आक्कांचं गाठोडं खुंटीवरच होतं, चिखलानं भरलेलं. फोटोचा नुसता कागद उरला होता. आक्कांनी गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, जरा धरलं, आणि खाली ठेवलं.

"लय जड झालं गं," एवढंच म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत त्यांचा पुतण्या येऊन त्यांना कडेगावला घेऊन गेला. जाताना त्यांनी माझ्या मशीनवर हात ठेवला. "स्क्रू लय आवळू नगंस."

मालकानं भाडं आणखी कमी केलं. आम्ही अजून इथंच आहोत. दुसरीकडं परवडत नाही. चिमी आता चालते. पावसाळा लागला की सकाळी उठून मी आकाशाकडं नाही, आधी गटारीकडं बघते.

पण आक्का, मी शिवतेय. एक दिवस वरच्या भागात, दुसऱ्या मजल्यावर खोली घेईन. तिथं सागवानी पलंग करून घेईन, चार गड्यांनाही उचलणार नाही असा. आणि कडेगावला येऊन तुम्हाला घेऊन जाईन. तुम्ही आधी तो उचलून बघा, पाहिजे तेवढ्या शिव्या द्या, आणि मग त्यावर पाय पसरून निजा.