भाता कोणी विकत घेत नाही

समोर कुठलीही वस्तू आली की चाचा ती आधी उलटी करायचे. पेटी असो, टेबलपंखा असो, की माझ्या बायकोने प्रेमाने पाठवलेला कढीचा डबा असो. कढीनंतर आमच्या घरून त्यांना फक्त कोरडी भाजी जाऊ लागली. "वरून तं सारेच गोरे दिसतेत, भाऊ. पह्यले याचं पोट पाहू दे," असं म्हणत ते खिशातला पेचकस काढायचे, आणि समोरचा माणूस आपलंच पोट उघडणार असल्यासारखा अर्धं पाऊल मागे सरकायचा.

दिग्रसला माझं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून चाचांचं हार्मोनियम दुरुस्तीचं. चाळीस वर्षं आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या याच माणसाच्या हाताखालून गेल्या. जिनिंगच्या दिवसांत हवेत कापूस उडतो, तो पेटीच्या सुरांत, म्हणजे आतल्या पितळी जिभांत, जाऊन बसतो आणि पेटीला सर्दी होते. मग पेट्यांची रांग लागते. चाचांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर ते हा लेखही उलटा करून पाहतील, आणि याच्या पोटात फारसं काही नाही हे तुम्हाला उगाच कळेल.

आमच्या गावापासून जवळ एक बंजारा तांडा आहे. तिथे दर गुरुवारी भजन होतं आणि मुख्य गाणारी एक म्हातारी. गोरबोलीत आईला याडी म्हणतात. सगळा तांडा तिला याडीच म्हणतो. तिचा नवरा जन्मभर तिच्या गाण्याला पेटी वाजवत आला. तो गेला, आणि पेटी दोन वर्षं कोपऱ्यात पडून राहिली. माणसांचं लक्ष नव्हतं तरी वाळवीचं होतं. चाचांनी ती पेटी उलटी केली, तेव्हा पोटातून पिठासारखा भुसा पडला.

चाचांनी तिला खरं ते सांगितलं. सूर काढून दुसऱ्या पेटीत बसवता येतील, पण आवाज नुसता सुरांचा नसतो, लाकडाचाही असतो. आणि हे लाकूड संपलं.

"मले दुसरी पेटी नोको, भिया," याडी म्हणाली. भिया म्हणजे भाऊ. "मले हाच आवाज पाह्यजे."

"देतो," चाचा म्हणाले.

तांड्यावरून परत येताना मी विचारलं की कसा देणार. तेव्हा चाचांनी कबूल केलं, की ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांचा पुतण्या नागपूरला लग्नाच्या व्हिडिओचं काम करतो. त्याने तोड काढली. पेटी अजून धुगधुगती आहे तोवर तिची एकेक पट्टी दाबून प्रत्येक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा. मग ते सूर कुठल्याही कीबोर्डवरून वाजवता येतील. एका रविवारी शटर ओढून आम्ही बसलो. गोंगाटाचा बंदोबस्त माझ्याकडे होता. मी कापसाच्या गाठींचा ट्रक हात जोडून थांबवला, दोन कुत्री हाकलली, समोरच्या रसवंतीची घुंगरं सोडायला लावली. आणि मधल्या सप्तकाच्या धैवताला स्वतःच खोकलो. चाचांनी नुसतं पाहिलं. पुन्हा घ्यायला म्हणून पट्टी दाबली, तर ती कडकन मोडली. मी संगीतात शिरलो तो असा. त्या धैवतात माझा खोकला कायमचा राहून गेला.

पुतण्याने सगळे सूर लॅपटॉपमध्ये भरून दिले आणि त्याला एक उसना कीबोर्ड जोडून दिला. पुढच्या गुरुवारी आम्ही तांड्यावर गेलो. चौकात सतरंज्या, साठ-सत्तर माणसं, मधे याडी. तिने पहिली ओळ म्हटली. चाचांनी पट्टीवर बोट ठेवलं, आणि लॅपटॉपचा पडदा निळा होऊन त्यावर एक गोल फिरू लागला. खाली लिहून आलं, की काम चालू आहे, यंत्र बंद करू नका. आम्ही नाही केलं. गोल पाऊण तास फिरला. सगळा तांडा त्या गोलाकडे पाहत होता. एका आजोबांनी त्याला नमस्कारही केला.

शेवटी याडी म्हणाली, "भिया, तुमची पेटी विचार करून राह्यली. तिले करू द्या."

मग नगारा आणि थाळीवर भजन उरकलं. निघताना तिने चाचांना बाजूला घेतलं. एक डाव अजून या म्हणाली, होळीच्या आधी. नाही जमलं, तर वाईट वाटून घेऊ नका, पेटीचं लाकूड तेवढं आणून द्या, होळीत देऊ. तिने रागाने म्हटलं असतं, तर चाचांना सोपं गेलं असतं. त्यांनी जबान दिली होती, आणि ती त्यांना त्यातून मोकळं करत होती.

टेम्पोत दिग्रसचे दिवे दिसू लागले तेव्हा चाचा म्हणाले, "जे पेटी उठाले इतक्या विनवण्या कराव्या लागतेत, ते पेटी नाही भाऊ, जावई हाय. आजपासून कंप्युटर बंद."

पुतण्याने मग त्याची जुनी सँपलर नावाची डबी पाठवली. ही डबी सूर पोटात ठेवते, बटण दाबलं की लगेच जागी होते. आता फक्त तिला जोडायला कीबोर्ड हवा होता, आणि तो वेगळ्या जातीचा. त्याला कंट्रोलर म्हणतात. त्याचा स्वतःचा आवाज नसतो; कुठली पट्टी दाबली एवढंच तो डबीला सांगतो.

या बातमीने चाचा हादरले. चाळीस वर्षं त्यांनी पेट्या कानाने पारखल्या. मुकी पेटी पारखायची कशी?

पारखायला आम्ही एसटीने यवतमाळला गेलो. दुकानातल्या विक्रेत्याने अदबीने जो पहिला कीबोर्ड पुढे ठेवला, त्यावर वीस-पंचवीस पट्ट्या आणि रंगीबेरंगी लुकलुकणाऱ्या चौकटी होत्या. चाचांनी विचारलं, हे दिवाळी कायले लावली याच्यावर. उत्तर यायच्या आत कीबोर्ड उलटा झाला होता आणि पेचकस बाहेर आला होता. विक्रेत्याचा जीव टांगणीला लागला. मी त्याच्या कानात सांगितलं, की हे मुख्य कार्यालयातून येतात, न कळवता तपासणी करतात, आपण ओळख दाखवायची नाही. लगेच खुर्ची आली, पाठोपाठ चहा आला, आणि पुढची दोन कपाटं विनातक्रार उघडली गेली.

आता चाचांची परीक्षा पाहा. पहिल्या तीन कीबोर्डांना मागे फक्त एक चपटी पिन होती. कंप्युटर नसला तर हे सुरू कसं होतं, असं त्यांनी विचारलं. नाही होत सर, असं विक्रेत्याने कबूल केलं. त्याला वीजही कंप्युटरच पुरवतो.

"म्हणजे हे जावयाचे भाऊच झाले," म्हणत चाचांनी तिन्ही बाजूला सारले.

त्यांना हवी होती पाच भोकांची जुनी गोल सॉकेट, कारण डबीलाही तशीच होती, आणि स्वतःची वीज घेणारा माल. असे दोन निघाले. एक इतका लांब होता, की तो टेम्पोत आडवा ठेवला असता तर मी चालवायला बसलो नसतो. उरलेल्यावर चार सप्तकं होती. पेटीपेक्षा थोडी जास्त, पण हाताला परकी नाही.

मग त्यांनी तो काउंटरवर ठेवला, डोळे मिटले आणि अख्खं भजन वाजवलं. मुकं. दुकानात नुसती प्लास्टिकची टकटक. गिटार बघायला आलेली माणसं गिटार धरून उभी राहिली. भजन संपलं तेव्हा चाचांनी समाधानाने मान हलवली आणि एका रसिकाने टाळ्या वाजवल्या. तो रसिक मी. पट्टी खाली बसताना खडखडत नाही, असा निकाल देऊन त्यांनी कीबोर्ड बांधायला सांगितला.

दिग्रसला येऊन वायर जोडली, पट्टी दाबली, आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकमधून वाळवीने खाल्लेली पेटी बोलली. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग चाचांनी भजन धरलं आणि सगळा सत्यानाश झाला. एक सूर पुटपुटायचा, पुढचा ओरडायचा. पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाजाचा जोर भात्यातून येतो. इथे जोर बोटाच्या आघातातून येत होता. आणि चाचांचा डावा हात? तो कीबोर्डच्या मागे हवेत उघडझाप करत होता. तिथे भाता नाही हे त्या हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. मी हसलो नाही असं लिहिलं, तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून लिहीत नाही.

माहितीपत्रक वाचून मी आघाताचा तो गुण बंद केला. आता सगळे सूर सारख्या जोराचे येऊ लागले. चाचांनी दोन ओळी वाजवल्या आणि बोट उचललं.

"हे भजन नाही, भाऊ. हजेरी हाय."

त्यांनी कीबोर्ड पुन्हा उलटा केला. पोट पाहिलं, पिना पाहिल्या, पट्ट्या पाहिल्या. मग सुटलं कुठे? माझ्या ध्यानात यायच्या आधी त्यांच्याच आलं. "भाता पाहाचा राह्यला. पाहाचा कसा? भाता कोणी विकत घेते का? भाता तं मी बनवतो."

चूक खरोखर त्यांनाच शोभेल अशी होती. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे फाटक्या भात्याच्या पेट्या आल्या, उंदराने खाल्लेल्या भात्याच्या आल्या, पण भाता नावाची गोष्ट मुळातच नसलेलं वाद्य कधी आलं नव्हतं.

पुतण्याला फोन झाला. त्याने सांगितलं, काही कीबोर्डना पायाच्या पॅडलसाठी एक खास भोक असतं. पॅडल जसं दाबावं तसा आवाज हळूहळू चढतो-उतरतो. आमच्या कीबोर्डलाही पॅडलचं भोक होतं, पण ते नुसतं चालू-बंद करणारं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतमाळ. मुख्य कार्यालय परत आलेलं पाहून विक्रेता उठून उभा राहिला, आणि मी चाचांच्या पाठीमागे उभा राहिलो. त्याने गोदामातून तसं भोक असलेला दुसरा कीबोर्ड काढून मुकाट्याने बदलून दिला, सोबत पॅडल दिलं, आणि हे पायाने दाबायचं असतं, असं जपून सांगितलं. चाचा म्हणाले, त्यांच्या पायांना चालायचं काम पुरेसं आहे.

पुढे दहा-बारा दिवस शेजारून रंध्याचा आवाज येत होता. चाचांनी कीबोर्डच्या पाठीला सागवानी भाता बसवला. खरा भाता, चामड्याच्या घड्यांचा. डाव्या हाताने मारला, की आतली पिशवी हवेने फुगायची, तिच्यावरची फळी उचलायची, आणि फळी पॅडलला ढकलायची. त्या हवेने एकही सूर वाजत नव्हता. ती फक्त फळी उचलत होती. पिशवीला त्यांनी मुद्दाम एक बारीक भोक ठेवलं. पहिलं मोठं झालं, आवाज लगेच मेला. ते चिकटवून दुसरं पाडलं. मग तिसरं. एवढ्याशा भोकासाठी इतका जीव कायले काढता, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्या पेटीचा भाता त्यांनी तीनदा शिवला होता. याडीचा नवरा तो कसा वाजवायचा, हे त्यांना चामड्याच्या झिजेवरून माहीत आहे.

होळीच्या आधीच्या गुरुवारी, ऊन उतरल्यावर, आम्ही तांड्यावर बसलो. मागच्या वेळचा कंप्युटर कुठे, असं कोणीतरी खवचटपणे विचारलं. जमिनीकडे पाहत याडीने पहिली ओळ म्हटली.

पेटीने उत्तर दिलं. लगेच, आणि तिच्याच जुन्या, थोड्या घोगऱ्या आवाजात. भाता भरेल तसा आवाज चढत होता, थाळी वाजत होती, माणसं हळूहळू डोलायला लागली. गाणं धैवतावर गेलं की मी खोकायचो, म्हणजे पेटीतून. तिसऱ्या खेपेला मागच्या बाईने मला पाणी दिलं. मी ते प्यालो. समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

कडवं संपलं. चाचांनी भाता मारणं थांबवलं, पण पट्टीवरचं बोट उचललं नाही. फळी हळूहळू खाली येऊ लागली आणि सूर तिच्याबरोबर बसत बसत गेला, बारीक होत, अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत. याडी थांबली होती. सूर पुरता विरला तेव्हा तिने छाती भरून श्वास घेतला, मान वर केली आणि पुढची ओळ अशी काही उचलली, की नगारेवाल्याचा ठेका क्षणभर चुकला.

तिचा नवरा प्रत्येक कडव्यानंतर असाच भाता सोडून द्यायचा, आणि उरलेली हवा संपेपर्यंत ती दम खायची. हे तिथल्या माणसांनी मला नंतर सांगितलं. चाचांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

आवाज परत मिळाला होता, म्हणून होळीत जुन्या पेटीचं लाकूड याडीने स्वतःच्या हाताने दिलं.

आता गुरुवारी दुपारनंतर चाचांचं दुकान बंद असतं. बाभुळगावहून, पुसदहून पेट्या घेऊन आलेली माणसं माझ्याकडे चौकशी करतात. चाचांना या वयात नोकरी लागली, असं मी गंभीरपणे सांगतो, आणि पेट्या ठेवून घेतो. ही थाप नाही. भजनाच्या आधी तासभर याडी त्या कीबोर्डपुढे बसते. नवरा होता तोवर तिने कधी पेटीला हात लावला नव्हता. तो वाजवायचा, ती गायची. आता तिला स्वतः वाजवायचं आहे. ती उजव्या हाताच्या एका बोटाने सूर शोधते, आणि भाता मारायला चाचा मागे बसतात.

मी एकदा पाहायला गेलो होतो. तिचं बोट पट्ट्यांवरून पुढे जात होतं, मागे येत होतं. मधेच आवाज बसला तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "हवा, भिया."

कुठली पट्टी ते चाचांना अर्थातच माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. ती सापडेपर्यंत ते दुसरीकडे पाहत हवा भरत राहिले.