अळणी नैवेद्य

त्या पावसाळ्यात माझं आणि दत्तमहाराजांचं बोलणं बंद होतं. देवळावरून जायचो, पण हात जोडायचो नाही. गावच्या दत्तजयंतीचा महाप्रसाद वर्षानुवर्षं माझ्या हातचा व्हायचा आणि यंदा कमिटीने तो दुसऱ्या केटररला द्यायचं ठरवलं होतं. मी लग्नाच्या मांडवात भांडी घासून वर आलेला माणूस. आज शहापूर-किन्हवली पट्ट्यात माझे स्वतःचे टोप, शेगड्या, टेम्पो आहेत. भाव करण्यात मला सहसा कोणी हरवत नाही. महाप्रसादाचा मात्र मी कधी भाव केला नाही, मजुरी घेतली नाही, म्हणूनच ते फार लागलं. मागल्या वर्षी भर पंगतीत एका वाढप्याला मी शिव्या घातल्या होत्या, ते निमित्त झालं. अध्यक्ष म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे, पण तोंड फार कडू आहे." त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशातच टोकावड्याच्या आतल्या बाजूला ओढ्याचं पाणी एका वाडीत शिरल्याची बातमी आली. धान्य भिजलं होतं, चुली विझल्या होत्या, माणसं शाळेत येऊन राहिली होती. मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला संधी दिसली. टेम्पोतून खिचडी न्यायची, लोक जेवताना व्हिडिओ काढायचा आणि कमिटीच्या ग्रुपवर टाकायचा. देवाशीही मी सौदाच केला. म्हटलं, हा तुझा नैवेद्य समज. तुझ्या लेकरांना मी जेवू घालतो, तू माझा महाप्रसाद मला परत दे. आणि माझ्या हातचं तुला नकोच असेल, तर तसं तोंडावर सांग.

नैवेद्य चाखायचा नसतो. एरवी तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय माझा एकही टोप शेगडीवरून उतरत नाही, पण त्या सकाळी मी नियम पाळला. खिचडी शिजत होती तेव्हा मी फोनवर अध्यक्षांशी भांडत होतो. मध्येच बायको काहीतरी विचारायला आली, तिला मी हात करून गप्प बसवलं.

टेम्पो मीच चालवत होतो. सरळगावपर्यंत रस्ता ठीक होता. टोकावड्याहून आत वळल्यावर ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, त्यातून कसाबसा पार झालो आणि मागे पाणी आणखी चढलं. शाळा उंचावर होती. वाडीतल्या बाप्यांनी टोप उतरवून घेतले. मी आधी माझ्या केटरिंगचा बॅनर व्हरांड्याच्या खांबांना बांधला, मग देवाच्या नावाचं आणलंय असं सांगत पत्रावळ्या मांडून वाढायला घेतलं. वाढून झालं तरी कोणाला हात लावू दिला नाही, कारण फोनमध्ये बॅनर अर्धाच येत होता. पोरं वाफेकडे बघत बसून राहिली.

तेवढ्यात एक म्हातारी पातेली घेऊन आली. तिचा नवरा आत वर्गात तापाने पडला होता, त्याच्यासाठी थोडी खिचडी मागत होती. लग्नात लोक डबे भरून नेतात, म्हणून आमच्या धंद्यात एक नियम असतो. तो मी तिलाही ऐकवला. "पानावर बसेल त्यालाच. न्यायचं नाही." ती पातेली बाजूला ठेवून पानावर जाऊन बसली.

लोक जेवले. आवाज न करता जेवले. चांगल्या पंगतीत गलका असतो, कोणी वाढ म्हणतं, कोणी शेजाऱ्याची थट्टा करतं. इथे सगळ्यांच्या माना खाली होत्या. भुकेली माणसं आहेत, असं मी मनात म्हटलं. मग म्हातारीसमोर फोन धरला आणि जेवण कसं झालंय म्हणून विचारलं. तिने फोनकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "गोड लागतंय रे बाबा," ती म्हणाली. मला हवं होतं ते मिळालं.

मी बॅनर सोडायला लागलो, तर तिने मला हाताला धरून पानावर बसवलं. वाढणाऱ्याने उपाशी जायचं नसतं म्हणाली आणि स्वतः वाढलं. मी पहिला घास घेतला. खिचडी अळणी होती. मिठाचा कण नव्हता. बायको सकाळी काय विचारत होती, ते मला तिथे कळलं.

"यात मीठ नाही," मी म्हणालो.

"नाय ना," म्हातारी म्हणाली. "आमचं मीठ पान्यानं नेलं, नायतर आमीच घातलं असतं."

"मग सांगितलं का नाही?"

"देवाच्या नावाचं आनलं म्हनालास. त्याला नाव कसं ठेवायचं? आन तू आदीच तापलेला."

शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त झोंबलं. तेव्हाच म्हातारीचा पदर सरकला आणि खाली दडवलेली पत्रावळ दिसली. तिने आपल्या पानातलं अर्धं नवऱ्यासाठी झाकून ठेवलं होतं. माझ्यापासून लपवून. आयुष्यात लोकांनी माझा पुष्कळ अपमान केला आहे आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. इथे कोणी अपमान केलाच नव्हता. मला मान वर करता येईना.

एक टोप अजून भरलेला होता, तोही अळणीच. दुकान टोकावड्याला आणि फरशी पाण्याखाली. व्हरांड्याच्या कडेला येऊन मी उभा राहिलो. देवासमोर असा मी कधीच उभा राहिलो नव्हतो, द्यायला काही नाही आणि मागायला तोंड नाही. मग डोंगराच्या बाजूने एक गुराखी गोणपाट पांघरून खाली येताना दिसला. पाणी चढलं तेव्हा तो गुरं घेऊन वर गेला होता आणि म्हशींना चाटवायचं खडेमीठही भिजू नये म्हणून सोबत घेऊन गेला होता. ते मीठ त्याच्या काखेतल्या पिशवीत होतं. मी वेड्यासारखं त्याला विचारलं, तुला कोणी पाठवलं?

"कोन पाठवनार? पोटानं," तो म्हणाला.

सवयीने माझा हात खिशाकडे गेला. "ते ऱ्हाऊ दे रे शेठ, आदी वाढ," म्हणत त्याने पिशवीच माझ्या हातात दिली.

मीठ पाण्यात विरघळवून खिचडीत कालवलं, तळहातावर घेऊन चाखलं. पहिलं पान मी स्वतः वर्गात नेलं. म्हातारा भिंतीला टेकून सावकाश जेवला आणि आचारी कोण म्हणून विचारू लागला.

"ह्योच," म्हातारी म्हणाली. "तोंडानं कडू हाय, पन हाताला चव हाय."

अध्यक्षांचंच वाक्य. त्यांना वाडीचं नाव माहीत नव्हतं आणि हिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. यात चमत्कार होता का, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. तोंडावर सांग, असं मी देवाला म्हटलं होतं. त्याने ते आधीच एकदा अध्यक्षांच्या तोंडून सांगितलं होतं, आता दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा मी भांडलो, दुसऱ्यांदा खाली बघितलं.

तो व्हिडिओ मी कोणाला पाठवला नाही आणि पुसलाही नाही. "गोड लागतंय रे बाबा" म्हणताना ती माझ्याकडे कशी बघते, ते अधूनमधून बघतो. बघवत नाही, तरी बघतो.

दत्तजयंतीचा महाप्रसाद त्या दुसऱ्या केटररनेच केला. मी गेलो आणि काही काम असेल तर द्या म्हणालो. अध्यक्षांनी मला जरा निरखून बघितलं आणि मिठाची वाटी हातात दिली. पानावर सगळ्यात आधी मीठ पडतं आणि कोणी वाढलं ते कोणाच्या लक्षात राहत नाही. स्वतःचे टोप झाल्यापासून एवढं छोटं काम मला कोणी दिलं नव्हतं, त्याबद्दल मी महाराजांचा ऋणी आहे. इतकी वर्षं टोपाशेजारी ताठ उभा राहून मी हुकूम सोडत आलो. त्या दिवशी कळलं, चिमूटभर मीठ वाढायलाही प्रत्येक पानापुढे पुरतं वाकावं लागतं.