जिमखाना म्हणजे काय गो?

बारावीपर्यंत मुलींना फी नव्हती, त्यामुळे फी हा विषय आमच्या घरी कधी निघालाच नव्हता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पेणच्या कॉलेजात कॉमर्सला नाव घातलं आणि पहिल्यांदाच पैसे भरायची वेळ आली. आम्ही पेणजवळच्या जोह्याचे, गणपती घडवणाऱ्या गावचे. वडील गणपतीच्या कारखान्यात साच्यावर काम करायचे आणि आई तिथंच रंगकाम. दोघांची मिळकत सरकारी मर्यादेच्या आत बसत होती, म्हणून मला ईबीसीची सवलत मिळाली. तलाठ्याचा दाखला आणला, तहसील कचेरीचा शिक्का घेतला, झेरॉक्स जोडल्या आणि शिकवणीची फी माफ झाली. तरीही खिडकीवर काही पैसे भरावेच लागले.

संध्याकाळी आईनं पावती वाचायला सांगितली. परीक्षा, ग्रंथालय, ओळखपत्र, वार्षिक अंक असं एकेक मी वाचत गेले. जिमखान्यापाशी तिनं थांबवलं.

"जिमखाना म्हंजे काय गो?"

मी पावती उलटून बघितली. वडील रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत होते. ते म्हणाले, "दवाखान्यासारखं काय तरी असंल. पोरं आजारी पडली तर."

आई म्हणाली, "मग इचारून ये. पैसं घेतलंत, तर काय मिळतं ते कळाया नको?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिचा स्वभावच तसा. कारखान्यात प्लास्टरची गोणी उतरली की आई तिचं तोंड सोडून चिमूटभर प्लास्टर बोटांत चोळून बघायची. मालकाला त्याची गरज वाटत नसे, तरी ही बघायचीच.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर गेले. तिथले क्लार्क वयस्कर होते, फारसं बोलत नसत. मी विचारल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"जिमखाना म्हणजे खेळ. मागच्या बाजूला खोली आहे, सायकल स्टँडजवळ."

वर्गातल्या मुलींना विचारलं, तर त्यांना ती खोली माहीत होती, पण आत कुणी गेलेलं नव्हतं. "तिथं मुलगे असतात," एवढंच त्या म्हणाल्या. मी पुन्हा खिडकीवर आले.

"सर, मुली तिथं जात नसतील, तर मुलींचे ते पैसे परत मिळतात का?"

क्लार्क हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, तीही कापून. एवढी एकच फी परत करा, असा अर्ज माझ्याकडे कधी आलेला नाही."

"आणि आला तर?"

"तर मी तो प्रिन्सिपॉलसाहेबांकडे पाठवणार. ते मला विचारणार, मुली का जात नाहीत? मग मी काय सांगू?" ते खिडकी लावून बाहेर आले आणि म्हणाले, "चल, विचारूनच बघू."

खेळाचे सर व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होते. क्लार्कनी त्यांना विचारलं, "मुलींना जिमखान्यात बंदी आहे का हो?"

"बंदी? कुणी घातली?"

"तेच विचारतोय."

सरांनी पंप खाली ठेवला. "नियम असा काही नाही. मी इथं आलो तेव्हापासून कुणी आलीच नाही. मला वाटलं, त्यांना आवड नसेल."

मी काही म्हणायच्या आत सर आम्हाला घेऊन खोलीकडे निघाले. आत कॅरमचे बोर्ड होते आणि मधोमध टेबल टेनिसचं हिरवं टेबल. आम्हाला बघून सगळ्यांचे हात थांबले. चेंडू टपटपत माझ्या चपलेपाशी आला. मी उचलला. इतकी हलकी वस्तू मी कधी हातात धरली नव्हती. अंगठ्यानं किंचित दाबून बघितली. पलीकडचा मुलगा हात पुढे करून उभा होता.

"टाक की," सर म्हणाले.

मी टाकला, तो जाळीत अडकला. एकजण हसला, पण सरांनी बघितल्यावर गप्प झाला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती घरी रंगवायला आणलेल्या एका मूर्तीच्या सोंडेवर सोनेरी रेघ ओढत होती, हात न थांबवता ऐकत होती.

"आन् त्येच्यासाठी पैसं घेतात?"

"व्हय."

"बरा हाय का खेळ?"

"बरा वाटला."

"मग खेळ."

सरांनी आठवड्यातले दोन दिवस मधल्या सुट्टीत टेबल मुलींसाठी ठेवलं. हमरापूरहून येणारी एक मैत्रीण माझ्याबरोबर यायला लागली. मुलगे काही दिवस कुरकुरले. त्यांचा खेळ अर्ध्यावर बंद व्हायचा, तर त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी माझा चेंडू जाळीत अडकल्यावर हसलेल्या मुलालाच आमचं बॅट धरणं बघवेना. त्यानं येऊन बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं.

दुसऱ्या सत्रात रोह्याच्या कॉलेजात स्पर्धा होत्या. आमच्या कॉलेजातून मुलींच्या नावाखाली आम्ही दोघीच. एस.टी.त बसताना सरांनी भाड्याचे आणि जेवणाचे पैसे हातावर ठेवून सही घेतली. हे कुठून आले, असं मी विचारलं. "जिमखान्यातून," ते म्हणाले. खिडकीतून बाहेर बघत मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

रोह्याला माझ्यासमोर आली ती नदीपलीकडच्या अष्टमी गावची मुलगी. तिचे वडील कंपनीत होते. कंपनीच्या क्लबात टेबल होतं आणि ती लहानपणापासून तिथं खेळत आलेली. मी धड उभी राहायच्या आत हरले. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. तिचा चेंडू टेबलावर पडला की भलतीकडेच वळायचा. मी जाऊन विचारलं, "हा वळतो कसा?"

"हरल्यावर कुणी असं विचारत नाही," असं ती म्हणाली आणि घरी चल म्हणाली. सरांनी संध्याकाळच्या गाडीपर्यंत परवानगी दिली. आम्ही तिघी कुंडलिका नदीच्या पुलावरून चालत अष्टमीला गेलो. तिचे वडील शिफ्टला निघाले होते. त्यांनीच जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून दिलं. मधे पुस्तकं उभी करून जाळी केली. तिच्या आईनं चहा आणि घावन दिलं आणि आमचे चेंडू कपाटाखालून काढता काढता तीही हसू लागली.

मी तिला विचारलं, "तुझ्या फीत जिमखाना आहे का?"

"असेल. बाबा भरतात. मी पावती कधी बघितली नाही."

तिला दुसरंच कुतूहल होतं. जोह्याची म्हटल्यावर तिनं विचारलं, गणपतीचे डोळे कोण काढतं? सगळेच काढतात का? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे माझी आई काढते. मग घावन खाताखाता तिनं कितीतरी प्रश्न विचारले आणि एकदा बघायलाच येईन म्हणाली.

कॉलेजच्या तिन्ही वर्षांत मी एकही सामना जिंकले नाही. बी.कॉम. मात्र झाले. शेवटच्या वर्षी टेबलापाशी मुलींची रांग लागायची, आणि मला खेळायला कमीच मिळायचं.

अष्टमीची मुलगी त्या स्पर्धेनंतरच्या श्रावणात खरंच जोह्याला आली. दुपारभर आईशेजारी पाटावर बसली होती. आईनं एक कान तुटलेली मूर्ती तिच्यापुढे ठेवली, बारीक ब्रश हातात दिला आणि भुवई ओढायला लावली. पहिली भुवई वर गेली, दुसरी खाली. आई म्हणाली, "श्वास धरू नको गो, सोड." मग जरा वेळानं आईनंच विचारलं, "तुझ्या बापाच्या कंपनीत खेळायचं टेबल कशाला ठेवलंय?"

त्या मुलीनं ब्रश वर उचलला. "बाबांना विचारून सांगते," ती म्हणाली, आणि खालची भुवई ओल्या बोळ्यानं पुसायला लागली.