आमच्या लिनक्सवर मेसेज येत नाही

गोडाऊनमध्ये माल येतो आणि जातो. किस्से मात्र येतात आणि राहतात! काल्हेरच्या आमच्या ऑफिसात ते इतके साठलेत की आता बसायला जागा नाही. चारचौघांत बोलायला मी लाजतो, म्हणून थोडे लिहून उतरवतो.

मी नितीन. नववीत शाळा सुटली, लोडिंगला लागलो. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर सारखे अडकायचे. व्हिडिओ बघून मी त्यांच्यावरचं विंडोज काढून फुकटात मिळणारं लिनक्स टाकलं, ते पळायला लागले आणि शेठनी मला खुर्ची दिली. पण ज्या ॲपवर आमचे सगळे मेसेज चालतात, ते त्या कंपनीने लिनक्ससाठी बनवलेलंच नाही! ब्राउझरमध्ये उघडायचं आणि वाट बघायची. ड्युटीत आमचे फोन शेठकडे जमा, त्यामुळे दुसरा मार्ग नाही.

*

एकदा ॲप आपोआप लॉगआउट झालं. बाहेर ड्रायव्हर "गेट खोलो" टाकतोय, आत आम्ही निवांत. शेवटी तो कंपाउंडवर चढून खिडकीत आला.

"भाई, अगला मेसेज पत्थर में लपेट के भेजूँ क्या?"

शेठ म्हणाले, "नितीन, परत असा झाला ना, तर विंडोज इथं आणि तू लोडिंगला."

माझी पाठ तेव्हापासूनच दुखायला लागली.

*

बिलिंगच्या रुबिनाताईंनी सुरतच्या पार्टीला व्हिडिओ कॉल लावला. चित्र उलटं!

"मॅडम, आपके यहाँ पंखा ज़मीन पे लगता है?"

मी सेटिंग शोधत बसलो. ताईंनी तोवर कॅमेराच उलटा करून चिकटपट्टीने चिकटवला. सेटिंग मला अजून सापडलेली नाही.

*

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मदत मागितली. इंग्रजीतल्या चार ओळींना अख्खी दुपार गेली. उत्तर आलं, लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला आहे, तुम्हीच दुरुस्त करा.

"काय बोलले?" शेठनी विचारलं.

"आपलंच आहे म्हणतात."

"आपलाच हाय, तर कंप्लेंट कोणाला करायची?"

*

मग एक छान ॲप मिळालं, परदेशातल्या कुणा एकाने घरी बसून बनवलेलं. आठवडाभर चाललं आणि बंद पडलं. त्याच्या पानावर लिहिलं होतं, "मला मुलगी झाली. आता वेळ मिळत नाही. माफ करा."

मी डोकं धरून बसलो. रुबिनाताई म्हणाल्या, "अरे, अभिनंदन तरी कर त्याचं!"

केलं. मेसेज गेला नाही.

*

शेठ मनाने मऊ. वाईट काही सांगायचं असलं की तोंडाने सांगत नाहीत, काचेच्या केबिनमधून मेसेज टाकतात. मागच्या आठवड्यात ऑफिसात नव्या, विंडोजवाल्या कॉम्प्युटरची खोकी येऊन पडली. शेठ केबिनमध्ये टाइप करत होते. मध्येच काचेतून माझ्याकडे बघायचे, परत मान खाली.

माझ्या स्क्रीनवर काहीच आलं नाही. मी काम करत राहिलो. थोड्या वेळाने शेठ बाहेर आले.

"बघितलास काय मेसेज?"

"नाही शेठ. आलाच नाही."

त्यांनी वाकून स्क्रीन बघितली, खोक्यांकडे बघितलं. मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "र्‍हाऊ दे मंग. चहा सांग."

मी चहा सांगायला उठलो आणि, टिंग!

या कॉम्प्युटरने आजवर कधी असा आवाज केला नव्हता. कोपऱ्यात सुबक चौकोन उघडला. शेठचा फोटो, शेजारी "उद्यापासून तू...".

रुबिनाताई आपल्या जागेवरून ओरडल्या, "अरे नितीन, चाललं रे तुझं लिनक्स!"